पाठमोरी जादूगारीण

दिवा तिथंच असू दे. लाईट आली तरी विझवू नको. आणि रात्रीची गोष्ट म्हणून अंग चोरून बसू नको, ह्यात रात्र नाहीच. जे झालं ते भर दुपारी झालं, उन्हाच्या कडाक्यात, पुंडलिकनगरातल्या आमच्या ह्याच घरात, वरच्या खोलीत.

गेल्या वैशाखात माझ्या नातीला कावीळ झाली. श्रेया तिचं नाव, वीस वर्षांची, कॉलेजात शिकते. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आली. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, मधे टँकर. कुठल्या घोटात होतं ते कोण सांगणार? माझा लेक कृष्णा बिडकीनकडच्या कारखान्यात जातो, सून दीपमाला एका शाळेच्या ऑफिसात. दोघं नऊला बाहेर पडले की घरात मी आणि ती पोरगी. माझं काम एवढंच, अकराला मुगाचं पातळ कढण करायचं, तेल नाही, तिखट नाही, आणि वाटी घेऊन जिना चढायचा.

त्या दिवशी मी अशीच वाटी घेऊन वर गेले. कूलर घरघरत होता. श्रेया उशीला टेकून बसलेली, खाटेलगत स्टुलावर लॅपटॉप, हात त्याच्या बटणांवर. डोळे हळद कालवल्यासारखे. मी दारात पाऊल टाकलं आणि ती म्हणाली, "मेली!"

वाटीतलं कढण माझ्या हातावर सांडलं. "कोण मेली गं?"

"ही. माझी जादूगारीण. सकाळपासून सहाव्यांदा."

मी जवळ जाऊन पाहिलं. पडद्यावर एक रान होतं, धुक्याचं, आणि त्यात निळ्या झग्यातली एक बाई आडवी पडलेली. श्रेयानं काहीतरी दाबलं, बाई उठली, चालायला लागली. आपल्याला तिची पाठच दिसत होती. केस, खांदे, हातातली काठी.

"तोंड कसं आहे हिचं?"

"तोंड नाही दिसत आजी. ह्या गेममध्ये पाठच दिसते. आपण तिच्या मागं मागं चालतो ना."

मला ते बरं वाटलं नाही. पण आजारी पोरीचा विरंगुळा, म्हणून चालू दिलं. कढण पाजता पाजता तिनं मला सगळं समजावलं. वर एक लाल पट्टी, तो त्या बाईचा जीव. खाली एक निळी पट्टी, ते मंत्राचं बळ. मार बसला की लाल सरकते, मंत्र टाकला की निळी सरकते. मला अक्षर येत नाही, पण पट्टी मला कळते. पाण्याच्या टाकीला बाहेरून काचेची नळी असते, आत किती उरलं ते दाखवणारी, तसंच ते.

"मग मरती का सारखी?"

"लेव्हल वाढली की पॉइंट मिळतात. ताकद, चपळाई, जीव, बुद्धी, नशीब. मी सगळीकडं सारखे टाकले."

"पंगतीत बुंदी वाढल्यासारखे?"

श्रेया हसली. कितीक दिवसांनी हसली असेल. "मग तू सांग. कुठं टाकू?"

"तिच्याकडून काम काय करून घ्यायचंय?"

"मंत्र टाकायचे. दुरून."

"मग ताकद कशाला? तिला काय पोती उचलायचीत? आणि मंत्र किती येतात तिला?"

"चौदा."

"लई झाले. आमच्या वन्संना एकच येत होता. पण त्या एकावर चार गावचे लोक त्यांच्या ओट्यावर यायचे."

असं त्यांचं नाव निघालं. आता तुला सांगते, वन्सं म्हणजे कोण. भामाबाई, माझ्या मालकांची थोरली बहीण, माझी नणंद. नवरा लवकर गेला म्हणून माहेरी परत आलेली. बिडकीनच्या पुढं आमचं गाव होतं, आता तिथं रुंद रस्ते आणि पत्र्याच्या शेडी झाल्यात. वन्सं कावीळ उतरवायच्या. हाताला ओला चुना लावायच्या, तळहात एकमेकांवर चोळत मंत्र म्हणायच्या, आणि मग हात परातीत धुवायच्या. परातीतलं पाणी पिवळं व्हायचं. खरं का खोटं मला विचारू नको. मी पाणी पाहिलंय, एवढंच सांगते.

श्रेया कान टवकारून ऐकायला लागली. "मग आजी, त्यांचं बिल्ड सांग ना."

"कसलं बिल?"

"अगं, बिल्ड. म्हणजे जादूगारीण घडवायची कशी."

आणि मी सांगत गेले. तिनं जुनी बाई पुसून टाकली आणि नवी घडवायला घेतली. आधी चेहरामोहरा नाही, आधी पॉइंट. मी म्हटलं, सगळं बुद्धीत टाक, चिमूटभर जीवात. ताकदीला काही नको. मंत्र दोनच घे. एक बांधायचा, एक मारायचा. वन्सं दुखणं काढायच्या आधी ते बांधायच्या, नाहीतर ते अंगभर पळतं. तशी ही आधी समोरच्याचे पाय बर्फात बांधू दे, मग दुरून जाळू दे.

"आधी बांध, मग मार," श्रेया पुटपुटली. "आजी, हे तर लोक व्हिडिओ करून सांगतात!"

"आणि लोखंड घालू नको तिच्या अंगावर. वन्सं उतरवायला बसल्या की कमरेची किल्ली काढून ठेवायच्या. लोखंड असलं की मंत्र अडतो."

"गेममध्ये पण तेच आहे! चिलखत घातलं की निळी पट्टी भरत नाही."

"आणि निळी पट्टी कधी पुरी रिकामी करायची नाही. तिसरा हिस्सा मागं ठेवायचा, पळायला. आणि पुढं कुणीतरी पाहिजे. वन्सं कधी एकट्या नाही बसल्या. तुझे आजोबा रोग्याचे खांदे धरायचे. रोगी हातपाय झाडायचा, ते आजोबा सोसायचे."

गेममध्ये जादूगारणीला सोबती मिळतो. श्रेयानं एक काळं अस्वल घेतलं, दांडगं. म्हणाली, "ह्याचं नाव आप्पासाहेब ठेवू?"

"अगं, तुझा आजा होता तो! अस्वलाला त्याचं नाव?"

"केस तेवढेच होते की आजोबांच्या अंगावर. फोटोत दिसतात."

मी तिला चापट मारली आणि पदर तोंडाला लावून हसले. हसले ते मला आजही आठवतं, कारण त्याच्या पुढच्याच घडीला मी ती चूक केली.

गेम जादूगारणीचं नाव विचारत होता. श्रेया काहीतरी इंग्रजी टाकणार होती. मी म्हटलं, एवढं सगळं ज्या बाईचं घेतलंस, तिचंच नाव दे. भामा.

"दे मग तूच. बारसं कर तिचं."

बारशाला नाव आत्या ठेवते. श्रेयाला आत्या नाही, कृष्णा माझा एकुलता एक. मीच आत्या झाले. थट्टाच होती गं ती. लॅपटॉपच्या कडेला, जिथून आवाज येतो तिथं, मी तोंड नेलं, हाताचा आडोसा केला, आणि कुर्र करून सांगितलं, "भामा... भामा... भामा." श्रेयानं टाळ्या वाजवल्या.

तुला ठाऊक आहे ना आपल्यात कसं असतं? लेकराच्या कानात आधी कुळदेवतेचं नाव सांगतात. मग महिन्याचं, मग नक्षत्राचं, आणि शेवटी माणसाचं. आधी देवाचं नाव आत गेलं की मग बाकीच्याला वाट पुरी मोकळी राहत नाही. शेकडो बारशांना बसलेली बाई मी. मी देवाचं नाव सांगितलंच नाही. थट्टेत राहून गेलं. वर घड्याळात बारा वाजलेले.

त्या दिवसापासून ती बाई मरायची थांबली.

श्रेया रोज नवं काहीतरी जिंकायची. आप्पासाहेब पुढं उभे राहून मार खायचे, भामा मागून बांधायची आणि जाळायची. मी कढण घेऊन वर गेले की मला दाखवायची, बघ आजी, आज तीन राक्षस. पण तिकडं पोरीच्या रक्तातला काविळीचा आकडा चढत होता. पहिल्यांदा सात होता, मग नऊ, मग अकरा. डॉक्टरांचा चेहरा दर खेपेला अधिक गंभीर होत होता. ते कृष्णाला बाजूला घेऊन म्हणाले, पंधराच्या आसपास गेला आणि रक्त गोठायचं कमी झालं, तर लिव्हर हातचं जाईल. कृष्णानं ते मला सांगितलं नाही. मी दाराआडून ऐकलं.

एकदा श्रेया म्हणाली, "आजी, एक गंमत आहे. मी पॉइंट टाकते बुद्धीत, आणि हिचा जीव कमी होतो. असं होत नसतं गेममध्ये."

मी पाहिलं. निळी पट्टी लांबच लांब झालेली. लाल अगदी बोटभर.

"आणि हिला खाली बसता येत नाही," श्रेया म्हणाली. "ह्या गेममध्ये बसायचं बटणच नाही. पण काल मी पाणी प्यायला वळले आणि परत पाहिलं तर बसलेली. डावा पाय दुमडून, उजवा गुडघा वर."

वन्सं तशाच बसायच्या.

एक गोष्ट मी श्रेयाला सांगितली नव्हती. तुला सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

वन्सं दुखणं काढायच्या, पण काढलेलं दुखणं हवेत विरत नाही. ते कुठंतरी ठेवावं लागतं. म्हणून उतरवताना त्या सगळ्यांकडं पाठ करून बसायच्या. रोगी मागं, माणसं मागं. काम झालं की मान खाली घालून उठायच्या आणि गावाबाहेरच्या निंबाकडं जायच्या. मग वर बघायच्या. पहिली नजर ज्या जिवावर पडेल, झाड असो की माणूस, त्याच्यावर ते उतरणार. निंबाची एक बाजू पिवळीच असायची, बाराही महिने. आणि उतारा चालू असताना त्यांना कुणी हात लावायचा नाही. हात लागला की मोडलं, आणि मोडलं की काढलेलं दुप्पट होऊन परत रोग्याच्या अंगात.

शेवटची कावीळ त्यांनी एका सात वर्षांच्या पोरीची काढली. काढली, आणि उठताच आलं नाही. निंबापर्यंत जायची ताकद राहिली नव्हती. माझ्या मालकांनी उचलून नेतो म्हटलं, तर हात लावू देईनात. भिंतीकडं तोंड करून पडल्या, चार दिवस. पाणी मागच्या मागं पाजायचं. कुणाकडं बघितलं नाही. आईकडं नाही, भावाकडं नाही. अंग पिवळंधमक झालेलं.

तिसऱ्या दिवशी ग्रहण होतं, शिवरातीनंतरच्या अमावस्येचं, दुपारचंच. त्यांनी मला निरोप दिला, सरू, घमेल्यात पाणी घे, त्यात पाय बुडवून माझ्या पाठीमागं बस, मी मंत्र तुझ्या कानात देते. मंत्र दिला म्हणजे मला हे खाली ठेवायची वाट सापडेल. मी गेले नाही. कृष्णा पोटात होता, सातवा महिना. सासूनं मला अंधाऱ्या खोलीत बसवलं, ग्रहणात पोटुशी बाई हलत नसते. पण खरं सांगू? दार नुसतं लोटलेलं होतं. मी भ्याले, म्हणून गेले नाही. दुसऱ्या दिवशी वन्सं गेल्या. भिंतीकडंच तोंड. जे काढलं होतं ते खाली न ठेवता.

आता ती दुपार.

सकाळी रिपोर्ट आला, चौदा. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी भरती करा. कृष्णा चार वाजता सुट्टी घेऊन येणार होता. मी पिशवी भरली, टॉवेल, ताट, पेला, दोन गाऊन. मग कढण घेऊन वर गेले. श्रेया झोपलेली होती, कुशीवर, तोंड लॅपटॉपकडं. झोप म्हणायची का काय ती, हाक मारली तर पापणी नुसती थरथरली. अंग तापलेलं. मी वाटी खाली ठेवली आणि तिच्या पायाशी बसले.

मग लाईट गेली.

कूलर थांबला. कूलर थांबल्यावर घर किती गप्प होतं ते वैशाखातच कळतं. गल्लीत माणूस नाही, कुत्रं नाही, कबुतर नाही. खिडकीच्या पडद्यातून पांढरा उजेड आत येत होता, धुतलेल्या हाडासारखा. लॅपटॉप तेवढा चालू. त्यात ते रान, एक शेकोटी, बाजूला अस्वल झोपलेलं, आणि शेकोटीपुढं ती. पाठमोरी. बसलेली.

आवाज आला. खस... खस... खस. तळहातावर तळहात.

मला वाटलं, गेमचा असेल. पण गेमचा आवाज कानात घालायच्या वायरीत होता, आणि ती वायर श्रेयाच्या उशाशी लोंबत पडलेली. मी ती कानाजवळ धरली. तिच्यात नुसता वारा होता. खस... खस... खोलीत होतं. आणि वास, ओल्या चुन्याचा. पंचेचाळीस वर्षांत नाकाला लागला नव्हता.

निळी पट्टी हळूहळू सरकत होती. बटणांना कुणाचा हात नाही, समोर वैरी नाही, आणि पट्टी उतरत होती. वरची लाल पट्टी मात्र लांब होत होती, आणि लाल राहिली नव्हती. आधी केशरी झाली. मग पिवळी.

मी श्रेयाकडं पाहिलं. तिच्या कपाळाला घाम सुटला होता. मी तिची पापणी बोटानं वर केली. बाई गं... डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

मला रडू फुटलं. आनंदानं का भीतीनं, आज सांगता येत नाही. कारण त्याच क्षणाला मला उमगलं की काम होत आलंय, आणि काम झालं की वन्सं वर बघणार. इथं निंब कुठला? समोर खिडकी, खिडकीपलीकडं शेजाऱ्याची भिंत. आणि लॅपटॉपच्या पडद्याच्या अगदी समोर माझी नात.

लॅपटॉप मिटायला हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला. हात लागला की मोडलं. फिरवायला गेले तरी हात लागणारच. खाट ओढावी तर भिंतीत बसवलेली. पोरीला उचलावं तर माझ्या अंगात ते बळ कुठलं?

"वन्सं..." मी म्हटलं.

चोळायचा आवाज थांबला.

"वन्सं, इथं झाड नाही ओ... जरा थांबा... मी कुंडी आणते खालून..."

ती उठली. काठी शेकोटीपाशीच राहिली. मान खाली घातलेली. आणि जागच्या जागी वळायला लागली.

मी पडदा आणि श्रेया ह्यांच्या मधे जाऊन उभी राहिले. हात दोन्हीकडं पसरले. म्हटलं, "माझ्याकडं बघा. तेव्हा मी आले नाही... आता आलेय. माझ्यावर ठेवा."

कान दिसला. मग गाल. पडद्यातल्या बायकांचे गाल गुळगुळीत असतात, हा तसा नव्हता. मग हनुवटी, आणि हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. श्रेयानं ते काढले नव्हते. तिला कुठून माहीत असणार? पापण्या मिटलेल्या होत्या. तोंड पुरतं माझ्याकडं झालं, आणि पापण्या हलल्या.

आता जे सांगते ते मी कृष्णाला सांगितलेलं नाही.

मी डोळे मिटले. आणि अर्धं पाऊल डावीकडं सरकले. ठरवून नाही गं. पायानं केलं. मन म्हणत होतं हलू नको, आणि पाय हलला.

किती वेळ गेला कळलं नाही. कूलरची घरघर ऐकू आली तेव्हा डोळे उघडले. पडद्यावर शेकोटी होती, अस्वल होतं, आणि ती उभी होती, पाठमोरी, काठी हातात. वास गेलेला.

मागून श्रेया म्हणाली, "आजी, अशी का उभी? मला भूक लागलीय. भात कर ना."

संध्याकाळी तिला भरती केलंच. मीच हट्ट धरला, डॉक्टरांच्या हाताखालीच असू दे म्हटलं. सलाईन झाली, औषधं झाली. तिसऱ्या दिवशी आकडा नऊ, आठवड्यात चार. डॉक्टर म्हणाले, तरुण शरीर आहे, उलटतं कधी कधी असं. म्हणाले असतील ते खरंच असेल. मी त्यांच्या पाया पडले, त्यांना लाज वाटली.

पण मी रोज सकाळी आरशात माझे डोळे बघत होते. कृष्णाचे बघत होते, दीपमालाचे बघत होते. दीपमाला म्हणाली, "आई, काय बघता हो रोज? मी काजळ घातलं नाही म्हणून का?" मी हट्टानं माझं रक्त तपासून घेतलं. चांगलं निघालं. घरात कुणाला काही नाही. गच्चीवरच्या कुंड्यासुद्धा हिरव्या.

मग ते गेलं कुठं?

महिनाभरानं श्रेयानं परत तो गेम उघडला. मी शेजारी शेंगा सोलत बसले होते. ती म्हणाली, "आजी, आपली भामा लई फेमस झाली."

"म्हणजे?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. ती खेळायची तेव्हा तिचा खेळ दुसरे लोकही बघायचे, आपापल्या घरी, आपापल्या मोबाईलवर. दहा-वीस जण असायचे. त्यातली एक उमा म्हणून, अजिंठ्याकडची. घरी ब्लाऊज शिवते, मशीनशेजारी मोबाईल उभा करून दिवसभर बघायची. श्रेयाची जादूगारीण तिला एवढी आवडली, की तिनंही तशीच घडवली. सगळं बुद्धीत. दोनच मंत्र. आधी बांध, मग मार. पुढं अस्वल.

"मी दवाखान्यात असताना हिचा मेसेज येऊन पडलाय. मी आज बघतेय," श्रेया म्हणाली, आणि तिनं वाचून दाखवलं.

"ताई, तुमची जादूगारीण मागं वळून माझ्याकडं बघायलीय. माझ्याकडंच का बघायलीय?"

माझ्या मांडीवरचं शेंगांचं सूप खाली सांडलं. श्रेया शेंगा गोळा करायला वाकली, आणि वाकल्या वाकल्या थांबली. मोबाईल परत डोळ्यांपुढं धरला.

"आजी, हा मेसेज मी भरती झाले त्या दुपारचा आहे. बारा वाजून दहा मिनिटं. पण तेव्हा आपली लाईट गेली होती असं तूच म्हणालीस ना? नेटच बंद होतं. तिला काही दिसायलाच नको होतं."

मी म्हटलं, विचार तिला, बाई, बरी आहेस ना, डोळे कसे आहेत. श्रेयानं विचारलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. अजून उत्तर नाही. अजिंठ्यात शोधायचं तर आडनाव ठाऊक नाही, आळी ठाऊक नाही.

गेममध्ये मात्र तिचं नाव श्रेयाच्या यादीत आहे. माणूस खेळायला बसलं की नावापुढं हिरवा ठिपका लागतो. मला अक्षर येत नाही, ठिपका येतो. तो रोज लागतो. दुपारी बाराला लागतो आणि दहा मिनिटांनी विझतो. श्रेया म्हणते, खेळतेय म्हणजे बरीच असणार ना आजी? आणि त्या दहा मिनिटांत ती मेसेज टाकते, आणि समोरून ते वाचलं गेल्याची खूण येते, रोज, आणि उत्तर कुणी देत नाही.